जागा सोडायची नाही

आमच्या हॉकीच्या टीमला गोल खायची सवय झाली होती. समोरच्यांनी सात-आठ घातले तरी मॅच संपल्यावर आम्ही वडापाव खात, एकमेकींच्या नकला करत घरी यायचो. घरी कुणी स्कोअर विचारायचं नाही. मी गोलकीपर होते, त्यामुळे मार सगळ्यात जास्त मला बसायचा, आणि कौतुकही मलाच मिळायचं. दुसऱ्या टीमचे कोच येऊन पाठ थोपटायचे. "तू नसतीस तर पंधरा झाले असते," म्हणायचे. पप्पा हे वाक्य घरी येऊन आईला सांगायचे. आई माझ्या मांडीवरचे काळे-निळे डाग बघायची आणि हळद गरम करायला उठायची.

आम्ही काही अंबरनाथच्या, काही उल्हासनगरच्या कॅम्पांमधल्या, दोघी-तिघी बदलापूर गावातल्या शेतकरी घरांतल्या. कॉलेज संपलं तरी खेळ सुटत नव्हता म्हणून एकत्र आलेल्या. सराव अंबरनाथच्या एका मातीच्या मैदानावर, सकाळी. तिथेच क्रिकेटवाल्यांच्या टोळ्या असायच्या, चालायला येणारे आजोबा असायचे, आणि आमचा बॉल खड्ड्यावर आपटून कुठेही उडायचा. पप्पा कारखान्यात फिटर होते. सेकंड शिफ्ट असली की मला स्कूटरवर सोडायचे, कारण पॅड, बुटांवर बांधायचे किकर, हेल्मेट, छातीचं गार्ड एवढं सामान घेऊन शेअर रिक्षात कुणी बसू देत नाही. पॅड जुने होते, कुणीतरी वापरून टाकलेले. त्यांचे पट्टे पप्पांनीच दाभणाने शिवले होते.

माझ्यासमोर खेळायची ती फुलबॅक माझी सगळ्यात जवळची मैत्रीण. कॅम्प तीनला राहायची. वडील लवकर गेले, म्हणून ती आणि तिची आई मामाच्या घरी, वरच्या खोलीत. तिच्या आईला मी काकी म्हणायचे, त्या जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायच्या. मैत्रीण बारीक होती, पण पळायची अशी की बघणारे थांबून बघायचे. बॉल उजवीकडे, ही उजवीकडे. बॉल डावीकडे गेला, की हीच तिथेही पोचलेली. बाकीच्या फुलबॅक तिच्या भरवशावर उभ्या राहायच्या. आमचा बचाव म्हणजे ती आणि मी. ती जिला अडवू शकली नाही, ती माझ्यापर्यंत यायची. आणि अशा पुष्कळ यायच्या.

आमचे जुने सर मुलाकडे पुण्याला राहायला गेले, आणि त्यांच्या जागी मॅडम आल्या. मॅडम पन्नाशीच्या. तरुणपणी मोठ्या टीममधून खेळलेल्या, नोकरी संपवून बदलापूरला फ्लॅट घेतलेला. मूळच्या साताऱ्याकडच्या. आवाज बारीक आणि बोलणं अगदी थोडं. पहिल्या दिवशी त्या आमचा सराव नुसता बघत बसल्या. शेवटी माझ्याकडे आल्या.

"तुला तिथून काय दिसतं?"

"बॉल," मी म्हटलं.

"बॉल सगळ्यांनाच दिसतो. तुला अजून काय दिसतं?"

 त्या माझ्या शेजारी गोलमध्ये येऊन उभ्या राहिल्या आणि मैदानाकडे बघत म्हणाल्या, "त्यांची कुठली पोरगी मोकळी उभी आहे ते फक्त तुला दिसतं. तुझ्या फुलबॅकना दिसत नाही, त्यांची पाठ असते. मग तू सांगत का नाहीस?"

मी खरंच कधी बोलत नव्हते. गोलमध्ये उभं राहून ओरडायचं काय, असं वाटायचं. त्या दिवसापासून मॅडमनी मला ओरडायला शिकवलं. आधी माझा घसा बसला. मग हळूहळू आवाज पोटातून यायला लागला. आई म्हणायची, आता घरात पण तशीच बोलतेस.

दुसरी गोष्ट म्हणजे, पुढचे कितीतरी दिवस त्यांनी फुलबॅकच्या हातात स्टिकच दिली नाही. मैत्रिणीला म्हणाल्या, "तुमच्याकडे जीन्सच्या चिंध्या मिळतात ना? एक पोतं आण." कॅम्प तीनमध्ये कारखान्यांच्या दाराशी असल्या चिंध्यांचे ढीग पडलेले असतात, कुणी विचारत पण नाही. ती गोणी खांद्यावर टाकून घेऊन आली. मॅडमनी आम्हाला त्यांच्या वेण्या घालायला बसवलं. जाड, निळे दोर झाले. ते त्यांनी मागच्या चौघींच्या कमरेला बांधले, एकीपासून दुसरी काही पावलांवर राहील असे. मग स्वतः बॉल घेऊन समोरून चालायला लागल्या. उजवीकडे गेल्या की चौघींनी उजवीकडे सरकायचं. डावीकडे, तर डावीकडे. कुणी एकटी पुढे पळाली की दोर ताणला जायचा आणि बाकीच्या तिघी ओढल्या जायच्या.

सगळ्यात जास्त ओढाओढ व्हायची ती माझ्या मैत्रिणीची. बॉल दिसला की तिचे पाय निघायचेच. पहिल्या दिवशी तिने शेजारी बांधलेल्या बदलापूरच्या पोरीला तोंडावर पाडलं. क्रिकेटवाली पोरं हसत होती. "ओ, गुरं कुठे घेऊन चाललात," एकजण म्हणाला. मॅडमनी तिकडे बघितलंही नाही.

"कडेला जागा द्या," त्या सांगायच्या. "हवी तेवढी द्या. कडेवरून गोल होत नाही. मधली जागा द्यायची नाही. पहिलीने बॉल काढायचा नाही, नुसती वाट अडवायची. काढायचा तो दुसरीने. आणि काही झालं तरी आपली जागा सोडायची नाही."

पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला, तेव्हा पप्पांनी आमच्या गल्लीतल्या विहाराचा हॉल मागून घेतला. संध्याकाळची वंदना सुरू व्हायच्या आत आम्ही तिथे जमायचो. हॉलमध्ये स्टिक चालवता येत नव्हती, म्हणून मॅडम दाराबाहेरच्या आमच्या चपला उचलून व्हरांड्यात मांडायच्या. या चार फुलबॅक, या तीन हाफ. समोरच्या टीमचे म्हणून त्या वंदनेला लवकर आलेल्या आजीबाईंचे सँडल घ्यायच्या. मग एकेक सँडल पुढे सरकवायच्या आणि विचारायच्या, "आता कोण हलणार?" आम्ही ओल्या फरशीवर उकिडव्या बसून आपापली चप्पल सरकवायचो. आजीबाई पण थांबून बघायच्या. एकीने एकदा माझ्या मैत्रिणीला सांगितलं, "तू चुकलीस पोरी, तुझ्या पाठीमागून आली ती." सगळ्याजणी हसलो. मैत्रीण हसली नाही.

तिला तो खेळ पटत नव्हता. मी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले की बोलायची, "ए गोली, मला सांग, मी पोचू शकते ना त्या बॉलपर्यंत? मग पोचायचं नाही असं का? हे काय लॉजिक आहे?"

"तू पोचतेस, पण मागे मोकळं पडतं."

"तू आहेस ना मागे."

 मला ते ऐकायला आवडायचं.

पाऊस संपल्यावर मुलांच्या एका टीमबरोबर सरावाची मॅच ठेवली. मैत्रीण तीनदा जागा सोडून पळाली आणि त्यातल्या दोन वेळा गोल झाला. मॅडमनी तिला बाहेर काढलं. ती स्टिक आपटून निघालीच होती, तर मॅडम म्हणाल्या, "घरी जायचं नाही. तिच्यामागे जाऊन बस." म्हणजे माझ्यामागे, जाळीच्या पाठीमागे. उरलेली मॅच तिने तिथे मातीत बसून बघितली. मी ओरडत होते. बऱ्याच वेळाने माझ्या पाठीमागून तिचा आवाज आला, हळू, स्वतःशीच बोलल्यासारखा. "ती मोकळी आहे. डावीकडची. कुणीच बघत नाहीये." मी तेच ओरडले. बदलापूरची पोरगी सरकली, आणि बॉल कडेने बाहेर गेला.

मॅच संपली तेव्हा ती उठून मॅडमकडे गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती वेगळीच खेळायला लागली. तिचे पाय निघायचे, आणि ती त्यांना थांबवायची. ते बघताना कधी कधी मलाच कसंतरी व्हायचं. पण थांबायला लागल्यावर तिला सगळं दिसायला लागलं. मी ओरडायच्या आत ती हात करून बाकीच्यांना सरकवायची. मॅडम तिला फार काही बोलायच्या नाहीत, फक्त तिच्याकडे बघत राहायच्या. एकदा मला म्हणाल्या, "हिला खेळ कळलाय." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप होतं.

आणि आमचं गोल खाणं बंद झालं. एकदम नाही. आधी आठचे चार झाले, मग दोन, मग एखादा. ज्या टीमने आम्हाला दर वर्षी धुतलं होतं त्यांच्याबरोबर शून्य-शून्य झालं, तेव्हा त्यांच्या कोचनी येऊन माझी पाठ थोपटली नाही, मॅडमशी हात मिळवला. बरोबरच होतं. त्या मॅचमध्ये माझ्याकडे बॉल आलाच किती? घरी गेल्यावर आई म्हणाली, "आज कुठेच लागलं नाही?" मी म्हटलं, नाही. मी हेल्मेटमधून नुसती बघत, ओरडत उभी होते. हिवाळ्याच्या सकाळी तर पाय गार पडायचे. पप्पा म्हणाले, "चांगलं आहे की. मशीन नीट चाललं की फिटरला काम नसतं." मी हसले. पण मला माझं काम नसल्याचं वाईट वाटायचं, हे मी कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी मुंबईकडच्या एका स्पर्धेत आम्हाला प्रवेश मिळाला. टर्फवर. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी टर्फवर पाय ठेवला नव्हता. हिरवं, ओलं, सपाट. बॉल सरळ जातो याचंच आम्हाला नवल. मैत्रिणीचे बूट साधे पळायचे होते. मॅडमनी दोघी-तिघींना बूट मिळवून दिले, पण तिच्या पायाचं माप मिळालं नाही. "चालतंय मॅडम," ती म्हणाली. "मी कुठे पळते आता?"

पहिल्या दोन मॅच आम्ही एकही गोल न खाता काढल्या. तिसरी जिंकली की सेमीफायनल. त्या मॅचमध्ये आमच्या कॅप्टनने पहिल्याच क्वार्टरमध्ये एक गोल घातला होता आणि आम्ही तो सांभाळत होतो. शेवटची काही मिनिटं उरली होती. समोरच्या सगळ्याजणी आमच्या अंगावर आल्या होत्या.

आमच्या डावीकडून त्यांची एक उंच पोरगी बॉल घेऊन आली. मैत्रीण तिच्यासमोर गेली, शिकवल्याप्रमाणे, बॉल न काढता वाट अडवत तिला कडेला नेत होती. सगळं बरोबर चाललं होतं. ती पोरगी अचानक आत वळली. मैत्रीणही वळली. तिचं अंग वळलं आणि पाय तिथेच राहिला.

ती पडली नाही. ती बसली. जेवायला बसल्यासारखी, हळू. दोन्ही हातांनी गुडघा धरला.

बॉल मधे आला. अंपायरचं लक्ष बॉलवर होतं, शिट्टी वाजली नाही. मी तिच्याकडे बघत होते. मला तिच्याकडे जायचं होतं, एवढंच डोक्यात होतं. आणि तोंडातून आलं ते, "सेंटर, सरक. सरक. मधे ये." माझाच आवाज, पोटातून आलेला. उरलेल्या तिघी सरकल्या. तिची जागा मोकळी राहिली नाही, बदलापूरची पोरगी तिच्या अंगावरून पलीकडे जाऊन तिथे उभी राहिली. कॅप्टन धावत मागे येऊन चौथी झाली. त्यांनी फिरवून फिरवून बॉल खेळला, त्यांना मधे वाट मिळेना. आमच्यातली एकही तिच्याकडे वळली नाही. शेवटी त्यांनी लांबूनच मारला, मी किकरने तो बाहेर घालवला, आणि तेव्हा शिट्टी वाजली.

आणि तिच्याकडे बघितलं तर ती बसल्या जागेवरून हाताने दाखवत होती. तिचे ओठ हलत होते. मधे, मधे. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात आम्हाला मधे सरकवत होता.

मी पॅड घातलेले असताना जितकं पळता येतं तितकी पळत गेले. "हात नको लावू," ती म्हणाली. "गेला का बाहेर?"

"गेला."

"बरं."

तिला उचलून बाहेर नेलं. आम्ही उरलेली मिनिटं खेळलो आणि जिंकलो. मॅच संपल्यावर मॅडमनी आम्हाला रिंगण करून उभं केलं. त्या म्हणाल्या, "आज तुम्ही बचाव केलात. मी इतकी वर्षं शिकवते, असा क्वचित बघितला." त्या ते दुष्टपणाने म्हणाल्या नाहीत. बोलून झाल्यावर त्या आधी तिच्याकडेच गेल्या, बाकड्यावर तिचा पाय मांडीवर घेऊन बर्फ धरून बसल्या. पण तो त्यांचा 'बचाव' शब्द मी विसरू शकत नाही. मी पुष्कळदा विचार केला आहे की मी दुसरं काय करायला हवं होतं. बॉल सोडून तिच्याकडे गेले असते तर तिनेच मला शिव्या घातल्या असत्या. माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. चुकलं असतं तर निदान त्याबद्दल तिची माफी मागता आली असती.

सेमीफायनल दुसऱ्या दिवशी होती. ती आली, पप्पांच्या खांद्याला धरून, गुडघ्याला पट्टा गुंडाळलेला. पप्पांनी तिच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची मिळवली आणि शेजारी छत्री धरून उभे राहिले. तिच्या जागेवर बदलापूरची पोरगी होती. आणि बचाव जसाच्या तसा चालला. एकही पोरगी मधून आत येऊ शकली नाही. मी चार क्वार्टर ओरडत उभी राहिले, माझ्या पॅडला बॉल लागला तो दोनदाच, तोही हळू सरपटत आलेला. आमच्याही फॉरवर्डना काही सुचलं नाही. शून्य-शून्य. शूटआऊट.

शूटआऊटमध्ये समोरची एक पोरगी लांबून बॉल घेऊन येते आणि तिच्यासमोर फक्त गोलकीपर असते. आठ सेकंद. फुलबॅक मागे रेषेवर बसून बघतात. मॅडम माझ्याजवळ आल्या, माझ्या हेल्मेटचा पट्टा नीट केला, आणि काही तरी सांगायला तोंड उघडलं. मग म्हणाल्या, "तुला जे दिसेल ते कर." त्यांच्याकडे या खेळासाठी काही नव्हतं. त्यांनी आम्हाला शिकवलं ते सगळं एकमेकींच्या शेजारी उभं राहण्याबद्दल होतं.

पहिली आली. मी पुढे गेले, ती उजवीकडे वळली, आणि मी ओरडले, "उजवीकडे सरक." समोर कुणीच नव्हतं. रिकामं टर्फ. ती पोरगी पण क्षणभर बावरली, मग तिने बॉल टाकला आत. दुसरीचा मी अडवला, तो कसा ते मला आठवत नाही. तिसरी आणि चौथी माझ्या बाजूने निघून गेल्या. एकेकाळी माझ्यावर एका मॅचमध्ये वीस-वीस बॉल यायचे, तेव्हा माझे हातपाय आपोआप चालायचे. आता ते गार पडले होते. मी बघत होते, मला सगळं स्पष्ट दिसत होतं, ती कुठे वळणार तेही, आणि पाय पोचत नव्हते. आमच्या पोरींनी एकच घातला. आम्ही हरलो.

 टेम्पोतून परत येताना बाकीच्या पोरी झोपल्या. मैत्रीण पाय लांब करून माझ्या पॅडच्या बॅगेवर टाकून बसली होती. "तिसरीला तू आधीच खाली बसलीस," ती म्हणाली.

"हो."

"दिसलं मला."

गुडघ्याचा एमआरआय काढला, त्यात लिगामेंट तुटलेलं निघालं. डॉक्टर भला माणूस होता. त्याने सांगितलं, रोजचं चालणं-फिरणं व्यायामाने जमेल. खेळायचं असेल तर ऑपरेशन, आणि नंतर कित्येक महिने नेमाने व्यायाम, रोज कुणीतरी नेणं-आणणं. काकी मान डोलवत ऐकत होत्या. बाहेर आल्यावर मला विचारलं, "म्हणजे चालता येणार ना?" मी म्हटलं, चालता येईल. "मग देवाची कृपा," म्हणाल्या. मी पुढचं वाक्य बोलणार होते, पण त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता की मला ते बोलवलं नाही.

ऑपरेशनचं मामांनी ठरवायचं होतं. मी मॅडमना घेऊन त्यांच्याकडे गेले. मामा वाईट नव्हते. त्यांनी मॅडमना खुर्ची दिली, चहा मागवला, मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं. मॅडम त्यांच्या बारीक आवाजात सांगत होत्या की ही मुलगी किती हुशार खेळते, असं मैदान वाचणारी पोरगी त्यांना फार कमी भेटली. मैत्रीण आतल्या दाराला टेकून उभी होती.

"तुम्ही म्हणता ते खरं असणार मॅडम," मामा म्हणाले. "तुम्हाला त्यातलं कळतं. पण मला एक सांगा, ही पुढे जाऊन देशाकडून खेळणार आहे का?"

मॅडमनी नाही म्हणून मान हलवली. खोटं बोलणं त्यांना येत नव्हतं.

"नोकरी लागेल का खेळावर?"

"सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "आता वय पण..."

"मग तुम्हीच सांगा."

मॅडमनी चहा संपवला. मी त्यांच्याकडे बघत होते, त्या काहीतरी काढतील म्हणून. त्यांनी कप खाली ठेवला आणि मैत्रिणीकडे बघून म्हणाल्या, "व्यायाम सोडू नकोस." खाली रस्त्यावर आल्यावर त्या बराच वेळ रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. दोन रिकाम्या रिक्षा गेल्या तरी त्यांनी हात केला नाही. शेवटी मीच केला.

मी पप्पांशी बोलले. पप्पा मामांशी बोलले. आई काकींशी बोलली. प्रत्येकजण दुसऱ्याचं ऐकून घ्यायचा, मान हलवायचा, आणि गोष्ट तिथेच राहायची. व्यायामाला ती काही दिवस गेली. मग काकींची तब्येत बिघडली, मग मामाच्या घरात लग्न निघालं. सूज उतरली, ती चालायला लागली, आणि ती चालते म्हटल्यावर तो विषयच संपला.

स्पर्धेनंतर मी सरावाला पुन्हा जायला लागले, तेव्हा एका संध्याकाळी तिच्याकडे गेले होते. ती खाटेवर पाय लांब करून भाजी निवडत बसली होती. तिनेच काढलं.

"माझ्या जागेवर तीच आहे का, बदलापूरची?"

"हो."

"कशी खेळते?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिला ते लगेच कळलं असतं. "चांगली खेळते," मी म्हटलं.

"गोल किती खाल्लेत?"

"तेव्हापासून एकच."

ती भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "मॅडमचा खेळ तसाच आहे. जागेवर कुणालाही उभं केलं तरी चालतो."

"असं नाही गं."

"असंच आहे. आणि ते बरोबर पण आहे. आधी मी नसले की आपण दहा खायचो, आठवतं? ते काय चांगलं होतं का?" ती माझ्याकडे बघून हसली. "पण ते मला आवडायचं."

मला तिला सांगायचं होतं की मलाही. पण मी तिच्यापुढचे मेथीचे देठ उचलले आणि कागदात गुंडाळायला लागले.

आता मी बदलापूरला एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. रविवारी अजून खेळते. मॅडमचे केस पूर्ण पांढरे झालेत, पण त्या येतात. नव्या पोरी आल्या आहेत, त्यांना कुणी सांगितलं तर विश्वास बसत नाही की ही टीम कधी आठ-आठ गोल खायची. आसपासच्या टीम आमच्याबरोबर खेळायला कंटाळतात, तुमच्यातून जाताच येत नाही म्हणतात. मी मॅडमना शूटआऊटचा सराव द्यायला सांगितलं. त्यांनी लगेच मान्य केलं, आता दर रविवारी शेवटी तो होतो. मी काही अडवते, बऱ्याच सोडते.

मैत्रीण कॅम्प चारमधल्या एका कपड्यांच्या दुकानात काउंटरला बसते. मालक सिंधी, तिला बेटा म्हणतो, तिचं गणित आणि गिऱ्हाईक ओळखणं दोन्ही त्याला आवडतं. ती त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलते आता. मी गेले की नवे कुर्ते काढून दाखवते, माझ्या अंगाला लावून बघते, हा रंग नको, तू काळी दिसशील, म्हणते. हॉकीचं आम्ही बोलत नाही. एकदा मी काढलं होतं, तर तिने ऐकलं सगळं, आणि मग शांतपणे विचारलं, "चहा सांगू का?"

गेल्या महिन्यात मी तिच्या घरी गेले होते आणि आम्ही दोघी बाजारात निघालो. मामाच्या घराचा जिना अरुंद आहे, कठड्याला एकाच बाजूला पाइप. उतरताना तिला अंग आडवं करावं लागतं, आधी चांगला पाय, मग दुसरा. मी हात पुढे केला.

"तू हो पुढे," ती म्हणाली.

मी खाली गेले. रस्त्यावर एका कारखान्यातून कापडाचे गठ्ठे टेम्पोत चढत होते, शेअर रिक्षावाला स्टेशन, स्टेशन ओरडत होता. मी पिशवी घेऊन जिन्याच्या तोंडाशी थांबले. ती उतरताना मी वर बघितलेलं तिला चालत नाही, म्हणून टेम्पोकडे बघत उभी राहिले.